बालगृहात दर रविवारी हिशेब शिकवायला जातो, चार शंका आहेत (सांगली)

हळदीचा दिवाणजी, सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर मी ३६ वर्षं दिवाणजी होतो. मार्चअखेरची खाती बंद केली आणि निवृत्त झालो. सौद्याच्या दिवसांत रोकड जुळल्याशिवाय घरी न गेलेल्या माणसाला रिकामी दुपार खायला उठते. यार्डातल्या एका ओळखीच्या हमालाने सांगितलं म्हणून गावाबाहेरच्या एका बालगृहात गेलो. मुलगे आहेत, ६ ते १८ वयाचे, चाळीसेक. सातवीपर्यंतची शाळा त्याच आवारात. अधीक्षकांनी विचारलं, "तुम्हाला काय येतं?" म्हटलं, हिशेब. ते म्हणाले, "मग रविवारी दहाला या."

पाच रविवार झाले. आता अडलोय, म्हणून इथे लिहितो.

पहिली गोष्ट एका मुलाची. वय अकरा. लहानपणी बाजारात बसलेला आहे. त्याला विचारलं, ऐंशी रुपये किलोची वांगी, पाऊण किलो घेतली, शंभराची नोट दिली, परत किती? माझं वाक्य संपायच्या आत म्हणाला, "चाळीस." दीड डझन केळी, पन्नास रुपये डझन? "पंच्याहत्तर." आमच्या पेढीवर बी.कॉम. झालेली पोरं आली, त्यांच्यातल्या एकालाही इतक्या झटकन जमत नव्हतं. पण हेच पाटीवर मांड म्हटलं की सगळं कोसळतं. त्रेपन्न लिही म्हटलं तर ३५ लिहितो. एकोणचाळीस म्हटलं तर ४९. चुकलं की पाटी पुसतो आणि उठून जातो. शाळेत तो 'ढ' म्हणून बसलाय. मला हे बघवत नाही. त्याला कसं शिकवू?

दुसरी गोष्ट फोटोची. मी मुलांना पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे, शिकवतोय. आमच्या पिढीने पाठ केलेली, आता कुठे शिकवत नाहीत. तिसऱ्या रविवारी त्यांनी पावकी घडाघडा म्हटली. आनंदाने मी सगळ्यांचा फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अधीक्षकांना कळलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि 'आत्ताच्या आत्ता काढा' म्हणून सांगितलं. काढला. पण ते मनाला लागलं. कौतुकच केलं होतं ना मी?

तिसरी. त्या अकरा वर्षांच्या मुलाला मी माझं शाईचं पेन दिलं. पुढच्या रविवारी पेन नव्हतं आणि दोन मुलांच्या तोंडावर ओरखडे होते.

चौथी शंका घरातली. आमच्या हिची फार इच्छा आहे की दिवाळीचे चार दिवस त्याला आमच्याकडे आणावं. उटणं, अभ्यंगस्नान, फराळ. आमची दोन्ही मुलं यंदा येणार नाहीत. आणता येईल का? कोणाची परवानगी लागते?

आणखी एक, मुलं सारखी बोटांच्या बेचक्यात खाजवत असतात. पावसाळ्याचं आहे का काही?

[सुधारणा: मुलाच्या गावाचा आणि आईवडिलांचा उल्लेख खालच्या ताईंच्या सांगण्यावरून काढला आहे.]

निवृत्त अधीक्षिका, सातारा

भाऊ, आधी तुमच्या या प्रश्नातून मुलाचं गाव आणि घरची हकीकत काढून टाका. मग पुढचं वाचा.

मी मुलींच्या बालगृहात २२ वर्षं काढली. तुमचे अधीक्षक बरोबर वागले, आणि तुम्हाला चारचौघांत बोलले नाहीत यावरून माणूसही चांगला दिसतो. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ आहे. मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून तो ओळखू येईल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायद्याच्या भीतीने नको, कारण समजून घ्या म्हणून सांगते. माझ्याकडच्या एका मुलीचा फोटो एका देणगीदाराने असाच कौतुकाने टाकला होता. तो फिरत फिरत तिच्या एका नातेवाइकाच्या मोबाइलवर गेला. त्या माणसापासून लांब ठेवण्यासाठीच बालकल्याण समितीने तिला आमच्याकडे पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी तो फाटकावर उभा. पोलीस आले, सगळं झालं, पण शेवटी मुलीलाच दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं. दहावीचं वर्ष होतं तिचं. सराव परीक्षेच्या तोंडावर शाळा बदलली. फोटो टाकणाऱ्या गृहस्थांना हे कधी कळलंही नाही.

दिवाळीचं. नाही आणता येणार. प्रत्येक मूल बालगृहात समितीच्या आदेशाने असतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. अधीक्षकालाही आपल्या मर्जीने मूल कोणाच्या घरी पाठवता येत नाही. रजेची तरतूद कायद्यात आहे, पण ती घरातलं लग्न, कोणाचं निधन, परीक्षा अशा कारणांसाठी, आणि साधारणपणे सात दिवसांच्या आत. तुम्हाला खरोखर एखाद्या मुलाचं प्रतिपालक कुटुंब, म्हणजे त्याला आपल्या घरी ठेवून सांभाळणारं कुटुंब, व्हायचं असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. ते घरी येतात, सगळं बघतात, मग समिती ठरवते. तो चार दिवसांचा विषय नाही.

आणि परवानगी मिळत असती तरी मी नको म्हटलं असतं. चाळीसांतल्या एकाला रिक्षात बसवून नेताना उरलेले एकोणचाळीस खिडकीत उभे असतात. पाचव्या दिवशी त्याला परत सोडायला तुम्हीच याल. परत आलेली मुलगी दोन दोन दिवस जेवायची नाही, हे मी पाहिलंय. त्यापेक्षा वहिनींना तिकडे न्या. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांचं कोणी आहे ती मुलं समितीच्या परवानगीने घरी जातात आणि सात-आठ मागे राहतात. वसतिगृह रिकामं झालेलं असतं, स्वयंपाकाच्या मावशीही रजेवर जातात. त्या सात-आठांजवळ बसून चकल्या पाडायला माणूस हवा असतो.

बालगृहाला कधी 'अनाथाश्रम' म्हणू नका. माझ्याकडच्या बहुतेक मुलींना आई होती. कोणाची धुणीभांडी करून पोट भरत होती, कोणाची दवाखान्यात होती, कोणाला नवऱ्याने घराबाहेर काढलं होतं. म्हणून 'तुझे आईवडील कुठे असतात?' हा प्रश्न कधी विचारायचा नाही. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं आणि ते आपल्याजवळच ठेवायचं. पण कोणी मारतंय, कोणी नको तिथे हात लावतंय असं सांगितलं तर ते मात्र पोटात ठेवायचं नाही. अधीक्षकांना सांगा, आणि तिथे सांगता येण्यासारखं नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पेन देणं बंद करा. एकाला काही द्यायचं नाही. द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही.

शेवटचं एक. मी साताऱ्यात वाढले. धनिणीच्या बागेची गोष्ट आमच्याकडे घराघरांत सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं, १९२७ मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं, मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथली मुलं स्वतः राबत होती, हे लोक विसरतात. स्वयंपाक, पाणी, शेत, सगळं मुलांच्या हातात. आपण हल्ली मुलांना नुसतं घ्यायला शिकवतो. रांगेत उभं राहा, पिशवी घ्या, थँक्यू म्हणा. माझ्याकडे आठवीच्या मुली भाजीची वही ठेवायच्या. रोज किती भाजी आली, काय भाव, किती उरली. तुम्ही तर दिवाणजी आहात. अधीक्षकांशी बोलून बघा.

गुरुजी, वाळवा तालुका

तुमचा तो मुलगा अजिबात ढ नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं झाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की अशी मुलं दर वर्षी माझ्या वर्गात येतात. मुकादमाने उचल किती दिली, किती फिटली, हे आईबापांपेक्षा जास्त त्यांना तोंडपाठ असतं, पण पाटीवर आकडा उलटा पडतो.

ही अडचण थोडी त्याची आणि बरीचशी आपल्या भाषेची आहे. मराठीत 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. मूल ऐकेल तसं लिहितं, ३ आधी, ५ नंतर. एकोणचाळीसचं तर आणखी अवघड. ऐकू येतंय चाळीस आणि लिहायचं तीसमधलं. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे त्याला कोणी फोडून सांगितलेलंच नसतं, म्हणून तो चाळीस धरून ४९ लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन आणलं तेव्हा मोठा वाद झाला होता. मराठी बुडाली म्हणून लोकांनी टीका केली. मला स्वतःला जुने शब्द जायला नकोत असंच वाटतं, पण असं मूल समोर असलं की मी दोन्ही म्हणून घेतो. 'त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन.' लिहिताना आधी पन्नासचा ५. महिनाभर रोज. तुम्ही आठवड्यातून एकदाच जाता, तर मोठ्या वर्गातल्या एखाद्या मुलाला रोज दहा मिनिटं हे घ्यायला सांगा.

पाटी जरा लांब ठेवा. खेळातल्या दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या. त्रेपन्न रुपये मोज म्हणा. पाच नोटा, तीन नाणी. मग जितक्या नोटा तितका पहिला आकडा. वजाबाकीतला हातचा म्हणजे नोटेची मोड करणं, दुसरं काही नाही. बाजारात बसलेल्या मुलाला मोड शिकवावी लागत नाही. एकदा त्याला वाटलं की पाटीवरचं गणित म्हणजे आपलंच गणित आहे, की उठून जायचा थांबेल.

मिरजेची सिस्टर

खाजेबद्दल. लांबून खात्रीने सांगता येत नाही, पण बेचक्यात, मनगटावर, कमरेला, आणि रात्री जास्त खाजत असेल तर खरूज असण्याची शक्यता मोठी. वसतिगृहात ती का जात नाही ते सांगते. एकाला औषध लावतात, तो बरा होतो, शेजारच्या गादीवरून परत घेतो. पहिल्यांदा झालेल्याला चार ते सहा आठवडे खाजतही नाही, पण तोवर तो दुसऱ्याला देत असतो. म्हणून डॉक्टरांना बोलावून सगळ्यांना एकाच रात्री औषध लावायचं. खाजत नाही त्यांनाही, कामाच्या मावशींनाही. सहसा परमेथ्रिन ५ टक्के देतात. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखाली, बेंबीतसुद्धा, आणि सकाळी अंघोळ. त्याच दिवशी चादरी, कपडे, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला. आठवड्याने औषध पुन्हा एकदा. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, म्हणून मुलांनी रोज रोज मलम चोळू नये.

भाऊ, एका रविवारी चाळीस चादरी धुवायला आणि वाळत घालायला चार माणसं घेऊन गेलात तर फळवाटपापेक्षा मोठं काम होईल. तुम्हीही तपासून घ्या.

मेंटेनन्सवाला, शिरवळ

मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या एका बालगृहात वाढलो. सहावीपासून अठरा पूर्ण होईपर्यंत. ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. मान ठेवून बोलतो.

आमच्याकडं सगळं सामाईक असायचं. साबण एक, टॉवेल जो वाळलाय तो, धुऊन आलेल्या चड्ड्यासुद्धा ज्याच्या हाताला लागेल त्याच्या. सातवीत एका सरांनी मला कंपासपेटी दिली. एकट्याला. माझ्या नावाची ती पहिली वस्तू. पोरांनी दोनदा चोरली, मी मारामाऱ्या केल्या, पण ती पेटी अजून माझ्याकडं आहे. माझी पोरगी आता वापरते. तेव्हा दिवाणजी, पेन दिलंत यात पाप नाही. पेन ठेवायला त्याच्याकडं जागा नव्हती, भांडण त्याचं होतं. प्रत्येकाला नाव घातलेली एखादी पिशवी, पेटी, खण, काहीतरी मिळू द्या. मग कोण काय देतंय याची एवढी मारामारी होत नाही.

दुसरं जेवणाचं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस, या दिवशी आम्हाला तीन तीन ठिकाणचं जेवण यायचं. शिरा बघितला की पोटात ढवळायचं. जेवायच्या आधी भाषण ऐकायचं आणि ज्याचा वाढदिवस त्याच्यासाठी टाळ्या. आमचा वाढदिवस कधी, ते बऱ्याच पोरांना ठाऊकच नव्हतं. आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, वह्या, चपला, दप्तर, पावसाळी कपडे, सगळं लागायचं तेव्हा कोणी फिरकत नव्हतं.

एक सायकलवाला होता. दर गुरुवारी दुपारी दुकान बंद करून यायचा. सहा वर्षं. कधी केळी आणली नाहीत, कधी फोटो काढला नाही. मोडक्या सायकली घेऊन बसायचा आणि आम्हाला पंक्चर काढायला, रिम सरळ करायला शिकवायचा. यायचं नसेल तर आधी सांगायचा, "पुढल्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढल्या." आणि त्याच्या पुढल्या गुरुवारी यायचाच. आम्ही पोरं मोठ्या माणसांच्या शब्दावर भरवसा ठेवत नव्हतो, पण गुरुवारी तीन वाजले की फाटकाकडं बघायचो. आज मी कंपनीत मेंटेनन्सला आहे तो त्याच्यामुळं. सहा महिने जाऊन मग आपलं जमत नाही म्हणणारे लई येऊन गेले. त्यांची नावं आठवत नाहीत. दिवाणजी, जमणार नसेल तर महिन्यातून एकदाच जा, पण तो दिवस मोडू नका.

गृहिणी, विश्रामबाग

मधेच विचारते, माझ्याकडे मुलांचे जुने पण चांगले कपडे आहेत. चालतील का?

निवृत्त अधीक्षिका, सातारा

आधी फोन करून मापं विचारा. धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून द्या. आतले कपडे मात्र नवेच. मुलींचं बालगृह असेल तर सॅनिटरी पॅड द्या, ते कोणी देत नाही आणि दर महिन्याला लागतात.

शिरवळकर, कंपासपेटीचं तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. आमच्याकडे मुलींना पत्र्याच्या पेट्या होत्या, म्हणून मला तो त्रास कधी कळलाच नसेल. तुमचं बरोबर आहे.

हळदीचा दिवाणजी, सांगली

दोन महिन्यांनी लिहितोय. उशीर झाला, पण काही घडल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

खरूजच निघाली. डॉक्टर आले, एकाच रात्री सगळ्यांना औषध झालं, मलाही. चादरी धुवायला यार्डातले सहा हमाल आले होते. त्यांनीच पिशव्यांचा विषय उचलला. शिरवळकर, तुमचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला होता. कोऱ्या बारदानाच्या चाळीस पिशव्या त्यांनी दाभण-सुतळीने शिवल्या, वर झाकण आणि नाडी. पोत्यांवर मार्का मारायची जी शाई असते, तिने प्रत्येकीवर मुलाचं नाव घातलं. ती शाई धुतली तरी जात नाही. पिशवी हातात आल्यावर एक सहा वर्षांचा मुलगा नावावरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसला होता. त्याला अजून वाचता येत नाही. चाळीस पेनं मी एकदमच नेली.

फोटो पुन्हा काढला नाही. अधीक्षकांना जाऊन 'माझं चुकलं' म्हणालो.

गुरुजी, नोटांनी काम झालं. 'पन्नास आणि तीन' तो आता स्वतःशी पुटपुटतो आणि मग लिहितो. एकोणवाले आकडे अजून डळमळतात. अधीक्षकांनी भाजीची वही द्यायला होकार दिला. मी त्याला खरी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आखून दिली, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, म्हणजे खर्च. तो आणि सातवीतला एक मुलगा मिळून लिहितात. गेल्या रविवारी रोकड जुळेना. सत्तावीस रुपयांचा फरक. तो पाटी पुसायच्या बेतात होता. मी त्याला आमच्या पेढीवरची एक युक्ती सांगितली. फरकाला नवाने भाग गेला की बहुतेक वेळा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. सत्तावीसला नवाने भागलं की तीन. म्हणजे ज्या आकड्यातल्या दोन अंकांत तीनचा फरक आहे तो शोध. मी पुढे काही बोललो नाही. तो बोट ठेवत ठेवत खाली उतरत गेला आणि मेथीच्या ओळीवर थांबला. एक्केचाळीस रुपयांची मेथी, लिहिलं होतं १४. त्याने पुसलं नाही, आमच्या पद्धतीने आडवी रेघ मारून वर ४१ लिहिलं आणि बाजूला सही केली.

मधे एक रविवार चुकला. हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला होतं. आदल्या रविवारीच मुलांना सांगून आलो होतो.

दिवाळीत ही तिकडेच येणार आहे. मागे नऊ मुलं राहतील असं अधीक्षक म्हणाले. भाजणी दळून झाली आहे. सोऱ्या आमच्याकडे एकच आहे, आणखी दोन शेजारून मागून ठेवलेत.